शंकेची जुडी

त्या घरात खात्रीची जुडी सुतळीनं बांधायची आणि शंकेची लव्हाळ्यानं, असा नियम होता. तळ्याच्या काठी वाकून पाणशेपू उपटताना एखादं रोप हाताला वेगळं लागलं, देठ जरा जास्त जांभळा दिसला, तर तिथलाच लव्हाळा तोडून त्याला गुंडाळायचा आणि मुळासकट घरी नेऊन सासूच्या पुढ्यात टाकायचं. सासू देठ मोडणार, नाकाशी धरणार, डोळे मिटणार. मग एक तर लव्हाळा सोडून, मूळ कापून सुतळी बांधणार, नाहीतर रोप मागच्या खड्ड्यात पुरणार. त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

नियम काही हौसेचा नव्हता. पाणशेपूच्या शेजारीच तिची सख्खी बहीण वाटावी अशी दुसरी एक वनस्पती उगवायची. तेच पोकळ देठ, तशीच कातरलेली पानं. तिला सगळे ‘वेडी’ म्हणत, कारण ती पोटात गेली की जनावर आधी वेड्यासारखं गोल गोल फिरायचं आणि मग पडायचं. दोघींतला फरक वासात. नाहीतर मुळाच्या गड्ड्यात. वेडीचा गड्डा उभा चिरला की आत खणावर खण दिसतात आणि पिवळा चीक येतो. पण गड्डा चिरायला बंदी होती. तळं आणि त्यामागचं जंगल ज्याच्या ताब्यात होतं त्या रखवालदाराची अटच तशी होती: वरचं घ्या, मूळ जसंच्या तसं परत चिखलात लावा, चिरलेलं मूळ पुन्हा धरत नाही. शिवाय चिरून बघणं म्हणजे नाक नसलेल्यांचं काम, असं सासू म्हणायची. तिच्या नाकावर अख्ख्या बाजाराचा भरवसा होता. परवानगी मिळाली तीही त्या नाकावरच.

मंगळवारी त्या घरची भाजी खाऊन गावातली मास्तरीणबाई, तिचा नवरा आणि तिची म्हातारी आई अशी तिघं दवाखान्यात गेली.

बातमी धाकट्या सुनेचा नवरा घेऊन आला. तोच सायकलवर टोपली बांधून बाजारात बसायचा. सायकल त्यानं भिंतीला टेकवली नाही, तशीच अंगणात आडवी टाकली.

“वाचतील म्हणतात,” तो म्हणाला. “पण म्हातारीला झटके येतायत. डॉक्टरांनी उरलेली जुडी बघितली. त्यात वेडी होती.”

सासू ओट्यावर बसली होती. तिनं आधी थोरलीकडं पाहिलं, मग धाकटीकडं, आणि नजर धाकटीवरच ठेवली.

“मी शंकेची एक बांधली होती,” धाकटी घाईनं म्हणाली. “लव्हाळ्यानं. तुमच्यापुढंच ठेवली होती टोपलीत, सगळ्यात वर.”

“मी नाही बघितली लव्हाळ्याची जुडी,” सासू म्हणाली.

“अहो आई, मी स्वतः...”

“म्हणजे मी खोटं बोलते?”

यावर सुनेनं काय बोलायचं असतं? बोललं तर तोंडाळ, गप्प बसलं तर चोर. सुनेला तिसरी जागा नसतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखवालदार आला. उंच, हडकुळा, सदऱ्याला दोन्ही बाजूंना मोठे खिसे. त्याला सगळे मागं ‘खात्री’ म्हणत, कारण कुणी त्याला सूर्य उगवला असं सांगितलं तरी तो ‘खात्री?’ असं विचारायचा. त्यानं चहाला नको म्हटलं. तेवढ्यावरूनच काय ते कळलं.

“तळं बंद,” तो म्हणाला. “जंगलात जा, कंद खणा, तिथं माझी हरकत नाही. पण पाण्यात पाय टाकायचा नाही. शुक्रवारी सकाळी येतो. चूक कुणाच्या हातची ते तोवर मला कळलं पाहिजे. नाही कळलं तर पलीकडच्या काठावरचं घर परवानगीसाठी दोन वर्षं माझ्या मागं लागलंय.”

“हात कुणाचा ते उघड आहे,” सासू म्हणाली. “नवीन माणूस आहे. कोरड्या गावची पोर. तिनं लग्नाआधी तळं बघितलं नव्हतं.”

“खात्री?”

“शुक्रवारी तुम्हीच परीक्षा घ्या तिची. नापास झाली तर ती पुन्हा तळ्यावर येणार नाही. घरात बसेल भांडी घासत.”

धाकटीच्या माहेरी पाणी म्हणजे टँकर, आणि हिरवं म्हणजे बाभळीचा पाला. इथं आल्यावर पहिल्या सकाळी ती गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली होती, पायाला गार चिखल लागला होता, आणि तिला उगीचच रडू आलं होतं. दीड वर्ष झालं तरी तिला ते तळं आपलं वाटायचं, नवऱ्यापेक्षाही जरा जास्तच. तेच आता जाणार होतं, आणि तेही न केलेल्या चुकीपायी.

लव्हाळा सोडला कुणी? तिनं मंगळवार पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. टोपली सासूपुढं ठेवून ती पंपावर पाणी भरायला गेली होती. परत आली तेव्हा नवरा टोपली सायकलला आवळत होता, आणि थोरलीचे दोन्ही हात त्या टोपलीत कोपरापर्यंत होते. थोरली सकाळपासून लेकीला घेऊन दवाखान्यात गेली होती. ती नुकतीच परतली होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. लेक तापलेली, खांद्यावर झोपलेली, आणि ही बाई आल्या आल्या टोपलीत हात घालते? कशासाठी?

एकदा संशय आला की सगळंच त्याला जाऊन चिकटतं. थोरली हल्ली नजरेला नजर देत नव्हती. टोपली आली की काहीतरी काढून घेऊन गोठ्यामागं जायची आणि पदराला हात पुसत परत यायची. कमरेला छोटी सुरी असायची. विचारलं तर “दात कोरायला” म्हणायची. सुरीनं कोण दात कोरतं?

त्या संध्याकाळी आणखी एक झालं. चुलीवर दूध होतं, सासू चुलीपासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसली होती, आणि धाकटी अंगणात टोपल्या घासत होती. अंगणात करपल्याचा वास आला म्हणून ती धावत आत गेली. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याला काळं लागलं होतं. सासू हलली नव्हती. धाकटीला बघून मग तिनं चुलीकडं मान वळवली.

“लक्ष कुठं असतं तुझं? दूध जळालं ते दिसत नाही?”

धाकटी पातेलं खरवडत बसली. मुद्दाम जळू दिलं, तिच्या मनात आलं. माझ्या नावावर आणखी एक चूक मांडायची म्हणून. सगळं घर मिळून मला बाहेर काढतंय.

नवऱ्यानं तर कहरच केला. पानावर बसल्यावर त्यानं हळूच विचारलं, “खरं सांग, लव्हाळ्यानं बांधली होतीस ना?”

“तुम्हालाही शंका आहे?”

“शंका नाही गं. विचारलं आपलं.”

“शंका असेल तर लव्हाळ्यानं बांधा मला,” ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

पंपावर बायका तिला म्हणाल्या, आधी आम्ही भरतो, मग तू भर. जणू तिच्या हातानं पाण्यातही वेडी उतरणार होती. ती कळशी कमरेवर धरून कडेला उभी राहिली, आणि शेवटची बादली भरेपर्यंत उभीच होती.

गुरुवारी दोघी जावा जंगलात कंद खणायला गेल्या. वर ढग धरले होते, पण पाऊस पडत नव्हता. मातीला दमट वास येत होता आणि घाम सुकत नव्हता. थोरली पुढं, पहार खांद्यावर. धाकटी मागं, दहा पावलं अंतर राखून.

कंदाचा वेल ओळखायला धाकटी आता शिकली होती. पान हृदयाच्या आकाराचं, शिरा सात, वेल उजवीकडं वळत चढलेला हवा. डावीकडं वळला तर हात लावायचा नाही. वेल सुकून तुटला असेल तर वळण कळत नाही, मग तो कंद शंकेचा. तिनं चार कंद खणले. त्यातला एक तसा तुटक्या वेलाचा निघाला, म्हणून तिनं त्याला गवताची काडी गुंडाळून बाजूला ठेवला आणि पुढच्या झाडाखाली वाकली.

वळून बघते तर काडीचा कंद जागेवर नाही. थोरलीही नाही.

ती पाय न वाजवता गेली. मोठ्या झाडाच्या बुंध्याआड थोरली उकिडवी बसली होती. एका हातात तो कंद, दुसऱ्या हातात सुरी.

“सापडलात!” धाकटी ओरडली. “मंगळवारी पण हेच केलंत ना? माझी जुडी सोडून तुम्ही सुतळी बांधलीत. मला घालवायचंय तुम्हाला. सांगा, काय वाकडं केलंय मी तुमचं?”

थोरली दचकली नाही. तिनं सुरी फिरवली आणि कंदाचे दोन भाग धाकटीपुढं धरले. आत पांढऱ्यावर तांबडी कडी उमटली होती.

“हा विषारी,” ती म्हणाली. “बरं झालं काडी बांधलीस.”

“मग चिरलात का? चिरायचं नसतं. आई हुंगतात की.”

थोरलीनं सुरी मातीत दोनदा खुपसून पुसली.

“आईंना वास येत नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“गेल्या थंडीत पंधरा दिवस ताप होता त्यांना, आठवतं? त्यात गेला. त्या कुणाला बोलल्या नाहीत. माझ्यादेखत रॉकेलचा डबा लवंडला त्यांच्या पाठीमागं, आणि त्या पाठ न वळवता सुपारी कातरत बसल्या. तेव्हा मला कळलं. त्या हुंगतात, डोळे मिटतात, ते सगळं नाटक. अंदाजानं सोडतात लव्हाळा. म्हणून त्यांनी सुतळी बांधायच्या आत मी शंकेच्या जुड्या उचलते, गोठ्यामागं गड्डा चिरून बघते, वेडी निघाली तर तिथंच पुरते, नाहीतर परत ठेवते. त्यांना कळतं की नाही, देव जाणे. विचारत नाहीत.”

धाकटीला करपलेलं पातेलं आठवलं. सासू चुलीपासून हातभर अंतरावर बसली होती.

“आणि मंगळवारी?”

“मंगळवारी मी दवाखान्यात. धावत आले, तर तुझा नवरा टोपली बांधतोय. मी हात घातला, पण सगळ्या जुड्या सुतळीच्या, मुळं कापलेली. तुझी कोणती तेच कळेना. तीन चाचपल्या, तेवढ्यात तो म्हणाला, वहिनी, उशीर होतोय.” थोरलीचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “ती मास्तरीण माझ्या लेकीला शिकवते.”

दोघी तिथंच मातीत बसल्या. डास चावत होते, पण कुणी हात उचलला नाही.

“मग मी उद्या सांगणार,” धाकटी म्हणाली.

“सांग. तू सुटशील. पण परवानगी कशावर आहे? आईंच्या नाकावर. ते गेलं म्हटलं की तळं गेलं. आणि मी गड्डे चिरते हे कळलं तर तेवढ्यानंही गेलं. मग तुझं खरं ठरूनही तू उभी राहणार कुठं?”

खरं बोललं तर सगळ्यांचं तळं जाणार, गप्प बसलं तर तिचं एकटीचं. आणि धाकटीच्या मनात एक शंका अजून उरलीच होती. थोरली हे खरं सांगतेय, की उद्या माझं तोंड बंद राहावं म्हणून रचतेय? एवढं झाल्यावर तिचा कुणावर चटकन विश्वास बसेना.

शुक्रवारी खात्री उजाडताच आला. मास्तरीण आणि तिचा नवरा घरी आले, म्हातारीलाही घरी आणलं, ती उठून बसली, हे त्यानं आधी सांगितलं. थोरलीनं डोळ्यांना पदर लावला. मग त्यानं काखेतलं वर्तमानपत्र ओट्यावर उलगडलं. आत दोन रोपं होती, ताजी, धुतलेली, मुळं कापलेली. कापलेले दोन गड्डे त्याच्या सदऱ्याच्या दोन खिशांत फुगलेले दिसत होते.

“मुळं मी काढून घेतलीत,” तो म्हणाला. “म्हणजे नाकाशिवाय उपाय नाही.”

“ये गं,” सासूनं धाकटीला हाक मारली. “बस इथं. मीट डोळे.”

“तिची नंतर,” खात्री म्हणाला. “परवानगी तुमच्या नावावर आहे, मावशी. आधी तुम्ही.”

थोरली पुढं सरकली, पण खात्रीनं हात आडवा केला. “तुम्ही दोघी दारातच थांबा.”

सासूनं पाठ ताठ केली. डाव्या हाताचं रोप उचललं, देठ मोडला, नाकाशी धरलं, डोळे मिटले. मग उजव्या हाताचं. धाकटी दारात उभी होती, आणि मोडलेल्या देठांचा वास तिच्यापर्यंत येत होता. डाव्याचा स्वच्छ, तिखट, ओल्या कोथिंबिरीच्या काडीसारखा. उजव्याचा गोडसर, नासलेल्या गाजरासारखा. मंगळवारी तळ्यावर तिला आला होता तोच. तेव्हा तिला तो नक्की सांगता आला नव्हता. आता मनात कसलीच शंका उरली नव्हती.

सासूनं डोळे उघडले आणि उजवा हात पुढं केला.

“ही चांगली,” ती म्हणाली.

थोरली खरंच बोलली होती. खात्रीच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही.

“खात्री?”

“चाळीस वर्षं झाली मला या तळ्यावर. माझी खात्री विचारता? खाऊन दाखवू?”

“तसं नको, मावशी...”

पण सासू आता ऐकणार नव्हती. धाकटीनं तिचा चेहरा पाहिला. त्यावर माज नव्हता, भीती होती, आणि ती लपवायला तिच्याकडं दुसरा मार्गच उरला नव्हता. या बाईला विष चाललं असतं, पण नाक गेलं म्हणणं चाललं नसतं. तिनं देठ तोंडाशी नेला.

धाकटी कशी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिचा हात सासूच्या हातावर बसला, निसटून तोंडावर बसला, देठ उडून अंगणात पडला. सासूच्या ओठाला दात लागून रक्त आलं.

“ती वेडी आहे!” धाकटी किंचाळली. “टाका, थुंका!”

सुनेनं सासूच्या तोंडावर हात मारला होता, तोही परक्या माणसासमोर. नवरा खांबाला धरून उभा राहिला. खात्रीनं दोन्ही खिशांतले गड्डे काढले आणि दोन्हींकडं पाळीनं पाहिलं. कोणता गड्डा कुठल्या खिशात टाकला होता, ते तोच विसरला होता. शेवटी त्यानं थोरलीच्या कमरेची सुरी मागून घेतली, स्वतःच घातलेली बंदी मोडली आणि दोन्ही चिरले. एकात खणावर खण होते, आणि पिवळा चीक त्याच्या बोटावर आला. त्यानं अंगणातला देठ उचलून त्या गड्ड्याला लावून पाहिला. काप तंतोतंत जुळला.

सगळे सासूकडं बघत होते. तिनं पदरानं ओठ टिपला, रक्ताकडं पाहिलं.

“एवढा वेळ लागला हिला,” ती म्हणाली. “म्हटलं बघू तरी, नाक आहे का नुसतं भोक.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” खात्री म्हणाला.

“न कळायला काय झालं?”

या वेळी त्यानं ‘खात्री?’ विचारलं नाही.

“आणि मंगळवारचं?” तो म्हणाला.

सासूची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली.

“मंगळवारी एक लव्हाळ्याची जुडी होती,” ती जमिनीकडं बघत म्हणाली. “हिनं बांधलेली. मी घाईत होते. हुंगायची राहून गेली माझ्याकडून. मास्तरणीच्या घरी मी आज जाते. पाय धरते त्या म्हातारीचे.”

धाकटीला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिचा तळहात चुरचुरत होता.

“उद्यापासून तळ्यावर जा,” खात्री वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला. “पण बाजारात जाणारी प्रत्येक जुडी या पोरीच्या नाकाखालून जाईल. आणि शंका आली तर खुशाल गड्डा चिरा. चार मुळं मेली तरी चालतील मला.” सुरी परत देताना तो थोरलीला म्हणाला, “धार चांगली आहे. बरीच वापरात दिसते.”

थोरलीनं सुरी कमरेला खोचली.

दिवसभर सासू धाकटीशी बोलली नाही. मास्तरणीकडं जाऊन आली, जेवली, भिंतीकडं तोंड करून झोपली. धाकटीनं ओळखलं, हे आता असंच राहणार. त्या ओठाची आठवण या घरातून जायची नाही.

सकाळी तिघी तळ्यावर गेल्या. पाणी स्थिर होतं. सासू सगळ्यांच्या आधी आत उतरली, नेहमीसारखी वाकली, आणि झपाझप उपटू लागली. हात तेच होते, वेगही तोच. धाकटी दुसऱ्या टोकाला होती. उन्हं वर आल्यावर टोपल्या बांधावर आल्या. सासूनं आपली टोपली धाकटीपुढं सरकवली आणि पाठ वळवून पाय धुवायला गेली.

धाकटीनं फडकं बाजूला केलं. टोपलीत चोवीस जुड्या होत्या, आणि चोवीसच्या चोवीस लव्हाळ्यानं बांधलेल्या होत्या.

ती बांधावर मांडी घालून बसली. पहिली जुडी उचलली, देठ मोडला, हुंगला. लव्हाळा सोडला, सुतळी बांधली. मग दुसरी. थोरली सुतळीचे तुकडे करून देत राहिली. अकराव्या जुडीत वेडीचं एक रोप निघालं. धाकटीनं ते मांडीखाली सरकवलं आणि पुढची जुडी घेतली.

सासू पाय पुसत आली, बाजूला पडलेल्या ढिगाकडं बघत उभी राहिली.

“लव्हाळा टाकू नकोस,” ती म्हणाली. “उद्या लागेल.”